दुकान दोघांचे, मग कागद एकाचाच का?

पेणच्या बाजारपेठेत सकाळी फेरफटका मारला तर एक गोष्ट सहज नजरेत भरते. अर्ध्याअधिक छोटी दुकाने पती-पत्नी मिळून चालवतात. किराणा मालाचे दुकान असो, शिवणकाम असो, बेकरी असो वा सुकी मासळी, नवरा माल आणायला गेला की बायको गल्ल्यावर बसते. ती स्वयंपाकाला आत गेली की तो वजन-काटा सांभाळतो. उधारी कुणाकडे किती राहिली आहे हे बऱ्याचदा तिलाच तोंडपाठ असते. मात्र दुकानाच्या पाटीवर, गुमास्ता परवान्यावर, भाडेपावतीवर, बँकेच्या चालू खात्यावर आणि जीएसटीच्या नोंदणीवर नाव असते ते एकट्या नवऱ्याचे.

याला कुणाची लबाडी कारणीभूत असते असे आम्ही म्हणत नाही. बहुतेक घरांत हा प्रश्न कधी कुणी विचारलेलाच नसतो. संसार एक, चूल एक, मग वेगळे कागद कशाला, अशी साधी समजूत असते. संसार सुरळीत आहे तोवर ही समजूत खपून जाते. परंतु मृत्यू, तलाक, कर्ज किंवा भाऊबंदकी यांपैकी एखादी गोष्ट दारात आली की कागदावर नसलेली व्यक्ती धंद्यात नव्हतीच असे धरले जाते. वीस-पंचवीस वर्षे दुकानात राबलेली बाई एका दिवसात 'मयताची विधवा' एवढीच उरते. म्हणून आमचे स्पष्ट मत असे की, जे पती-पत्नी मिळून धंदा करतात त्यांनी लेखी भागीदारी करावी, आणि ती सुखाच्या दिवसांतच करावी.

पेणचा धंदा घरातूनच चालतो

पेणचे नाव महाराष्ट्रभर झाले ते घरगुती उद्योगांमुळे. पेणचे पोह्याचे पापड आणि मिरगुंडे मुंबईच्या दुकानांत नाव सांगून विकली जातात. मुंबई-गोवा महामार्गावरून जाणारा प्रवासी पेण-वडखळला गाडी थांबवून पापड-लोणची घेतो. भाताच्या या पट्ट्यात पेण-रोह्याकडे पोह्यांच्या गिरण्या आल्या आणि पोह्यांबरोबर पापडाचे पीठही आले. पीठ कुटणे, लाट्या करणे, पापड लाटणे, वाळवणे हे सारे बायकांचे काम. गिरणीतून माल उचलणे, गाडीत भरणे, मुंबईच्या व्यापाऱ्याकडून वसुली करणे हे बहुधा पुरुषांचे.

गणपतीच्या कारखान्यांचेही तसेच आहे. पेण, हमरापूर, जोहे या गावांत घराच्या पडवीत, अंगणात आणि मांडवात मूर्ती तयार होतात. साच्यातून मूर्ती काढणे, जोड भरणे, घासणे, रंगकाम, दागिन्यांचे बारीक काम यांत घरच्या बायका असतात. डोळ्यांच्या आखणीसारखे नाजूक कामही कुठे कुठे त्यांच्या हातचे असते. कारखाना मात्र नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावाने ओळखला जातो.

आमच्या समाजातील चित्र निराळे नाही. कोकणातील कितीतरी मुस्लिम घरांतील पुरुष वर्षानुवर्षे आखातात नोकरीला राहिले. ते तिकडून पैसे पाठवत आणि इकडे बायको घर, शेत, भाडेकरू आणि बँक असे सारे व्यवहार सांभाळी. परत आल्यावर त्या बचतीतून दुकान निघते तेव्हा ज्या बाईने दहा-पंधरा वर्षे व्यवहार पाहिला तिचेच नाव नेमके कागदावरून गळते. तिच्या अनुभवाची किंमत कोणत्याही जमाखर्चात धरलेली नसते.

कामाला नाव नाही

सरकारच्या श्रमशक्ती पाहणीत अशा बायकांसाठी एक रकाना आहे: घरच्या उद्योगातील मदतनीस. म्हणजे काम करणारी, पण मजुरी न घेणारी. स्वयंरोजगारात तिची गणती होते, परंतु तिच्या हाती उत्पन्न म्हणून काही पडत नाही. धंद्यातली ती 'मदत' समजली जाते. आता जी व्यक्ती रोज आठ तास दुकानात असते, जिच्यावाचून शटर उघडत नाही, तिच्या कामाला मदत म्हणायचे की भागीदारी, हे वाचकांनीच ठरवावे.

नाव न मिळण्याचा हा प्रकार लहान दुकानांपुरताच नाही. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली मुंबईत झळकला आणि भारतीय चित्रपटाचा धंदा सुरू झाला. त्या चित्रपटामागे सरस्वतीबाई फाळके यांचे दागिने होते. कच्च्या फिल्मला भोके पाडण्याचे काम त्यांनी रात्री जागून केले, आणि साऱ्या चमूचा स्वयंपाकही त्यांनीच सांभाळला. पुढे फाळक्यांनी भांडवलदारांबरोबर भागीदारीत हिंदुस्थान फिल्म कंपनी काढली. त्या भागीदारांत सरस्वतीबाईंचे नाव नव्हते. ज्यांनी पैसा घातला ते भागीदार ठरले. जिने दागिने आणि मेहनत दोन्ही घातली ती कागदावर कुणीच नव्हती.

अलीकडचे उदाहरण इन्फोसिसचे. १९८१ मध्ये ही कंपनी पुण्यात सुरू झाली तेव्हा नारायण मूर्तींच्या हाती पडलेले १०,००० रुपये सुधा मूर्तींनी आपल्या बचतीतून दिले होते. सुधाताई स्वतः अभियंता. परंतु पती-पत्नी दोघांनी एका कंपनीत असू नये असा मूर्तींचा दंडक होता, म्हणून त्या बाहेर राहिल्या. तो दंडक चुकीच्या आदर्शवादातून आला होता, असे मूर्तींनी पुढे जाहीर मुलाखतीत कबूल केले. ते घर सुस्थितीत होते, म्हणून तेथे काही बिघडले नाही. पापडाच्या धंद्यात दहा हजार घालणाऱ्या बाईला ती चैन परवडत नाही.

याच्या उलट उदाहरणही महाराष्ट्रात आहे. पुण्यात १९६२ साली हुकमीचंद चोरडिया आणि त्यांच्या पत्नी कमलबाई यांनी प्रवीण मसालेवाले हा उद्योग उभा केला. मसाल्याची चव कमलबाईंच्या हातची आणि विक्रीची धावपळ हुकमीचंदांची. आजही या उद्योगाची हकीकत सांगताना दोघांची नावे बरोबर घेतली जातात. धंदा बायकोच्या हातच्या चवीवर उभा असेल तर तसे सांगण्यात नवऱ्याला कमीपणा येत नाही, एवढे तरी यातून घ्यावे.

कायदा लग्नावर चालत नाही, करारावर चालतो

पुष्कळांची अशी समजूत असते की नवरा-बायको मिळून दुकान चालवतात म्हणजे ते आपोआप भागीदार झाले. तसे नाही. १९३२ चा भारतीय भागीदारी कायदा स्पष्ट सांगतो की भागीदारी करारातून निर्माण होते, नात्यातून नाही. भाऊ असल्यामुळे, मुलगा असल्यामुळे किंवा पत्नी असल्यामुळे कोणी भागीदार ठरत नाही. तसे ठरलेले असावे लागते, आणि वेळ आल्यावर ते सिद्धही करावे लागते.

पेणहून निघालेला महामार्ग पुढे गोव्यात जातो. तेथे कायदा वेगळा आहे. पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या तेथील नागरी कायद्याप्रमाणे, लग्नापूर्वी वेगळा करार केला नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक होते आणि निम्मी पत्नीची धरली जाते. तेथील मुसलमान, हिंदू, ख्रिस्ती सर्वांना हे लागू आहे. महाराष्ट्रात तसे नाही. येथे कोणत्याही धर्माच्या बाईला केवळ लग्नामुळे नवऱ्याच्या दुकानात वाटा मिळत नाही. तेव्हा गोव्याच्या बाईला जे कायदा देतो ते आपल्याकडे नवरा-बायकोंनी स्वतः कागद करून मिळवावे लागते.

यात आमच्या बाजूने एक जमेची गोष्ट आहे. मुस्लिम स्त्रीची मालमत्ता लग्नानंतरही तिची स्वतःचीच राहते. तिचे मेहेर, माहेरून मिळालेला वारसा, तिची कमाई यांवर नवऱ्याचा हक्क नाही. म्हणजे ती स्वतःच्या भांडवलावर भागीदार होऊ शकते. हा हक्क चौदाशे वर्षांपूर्वीचा आहे. आम्ही तो फक्त निकाहनाम्यात लिहून कपाटात ठेवून दिला आहे.

वारशाचा हिशेब

आता खरा प्रश्न येतो तो मृत्यूनंतर. एक कल्पित हिशेब मांडून पाहू.

समजा, एका दांपत्याने वीस वर्षांत २४ लाखांचा धंदा उभा केला. सर्व कागद नवऱ्याच्या नावे. नवरा वारला. त्याला दोन मुली आहेत, मुलगा नाही. आई-वडील हयात नाहीत. एक सख्खा भाऊ आहे, बहीण नाही. कर्ज आणि मेहेर फेडून २४ लाख उरले असे धरू. सुन्नी वारसा कायद्याप्रमाणे पत्नीला एक-अष्टमांश म्हणजे ३ लाख मिळतील. दोन्ही मुलींना मिळून दोन-तृतीयांश म्हणजे १६ लाख. उरलेले ५ लाख भावाला. ज्या भावाने त्या दुकानाची पायरीही चढली नसेल त्याला, पत्नीपेक्षा २ लाख जास्त.

येथे वाचक म्हणतील की हा वारसा कायद्याचा दोष आहे. आम्हाला तसे वाटत नाही. वारसा कायदा मयताच्या मालमत्तेची वाटणी करतो. त्याच्या पुढ्यात आपण चुकीची बेरीज ठेवली तर वाटणीही तशीच येणार. त्या २४ लाखांत निम्मी कमाई पत्नीची होती. ती मयताची नव्हतीच, मग ती वाटणीत आलीच कशी?

तोच धंदा निम्म्या-निम्म्या लेखी भागीदारीत असता तर १२ लाख पत्नीचे, ते वाटणीबाहेर. नवऱ्याच्या १२ लाखांतून तिला दीड लाख, मुलींना ८ लाख, भावाला अडीच लाख. म्हणजे पत्नीच्या हाती साडेतेरा लाख. कुणाचाही शरई हक्क बुडाला नाही आणि जिची कमाई होती तिला ती मिळाली.

हे दोन्ही बाजूंनी लागू आहे हेही सांगितले पाहिजे. पत्नी आधी वारली तर तिच्या १२ लाखांतून नवऱ्याला एक-चतुर्थांश म्हणजे ३ लाख मिळतील, मुलींना ८ लाख, आणि तिला एक सख्खा भाऊ असेल तर उरलेला १ लाख त्याला. तेव्हा मागे राहिलेल्या भागीदाराला धंदा न मोडता चालवता यावा याची तरतूद आधीच करावी लागते. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

काही आक्षेप

पहिला आक्षेप विश्वासाचा. 'बायकोबरोबर करार करायचा म्हणजे तिच्यावर अविश्वास दाखवायचा काय?' असे विचारले जाते. व्यवहार लिहून ठेवण्याचा आदेश कुरआनच्या सर्वांत मोठ्या आयतीत, सूरह अल-बकराहच्या २८२ व्या आयतीत आहे, आणि तो एकमेकांवर विश्वास असलेल्या लोकांसाठीच आहे. ज्याच्यावर विश्वास नाही त्याच्याशी कोणी व्यवहार करतच नाही. विसर, गैरसमज आणि मागे राहिलेल्यांचे भांडण टाळण्यासाठी लिहायचे असते.

दुसरा आक्षेप रिवाजाचा. बाईने व्यापारात पडू नये असे मानणारे आजही आहेत. त्यांनी मक्केचा इतिहास आठवावा. हजरत खदीजा (रजि.) या आपल्या काळातील मोठ्या व्यापारी होत्या. त्यांचा माल काफिल्याबरोबर सीरियापर्यंत जाई, आणि त्यांचाच माल घेऊन प्रेषित मुहम्मद (स.) व्यापाराला गेले होते. विवाह त्यानंतरचा. एकाचे भांडवल, दुसऱ्याची मेहनत आणि नफा ठरल्याप्रमाणे, ही पद्धत आपल्याकडे परकी नाही. दुकानात बसणे ज्या घराला पसंत नसेल त्या घरातही हिशेब, खरेदीचा निर्णय, मालाची तयारी ही कामे बाई करतेच. वाटा कामाचा असतो, काउंटरवर दिसण्याचा नसतो.

तिसरा आक्षेप कराचा, आणि तो खोटा नाही. पूर्वी पती-पत्नी एकाच फर्ममध्ये भागीदार असले तर आयकर खाते एकाचा वाटा दुसऱ्याच्या उत्पन्नात मिळवी. १९९३ पासून ते बंद झाले. आज फर्म वेगळी करदाता आहे. तिच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर बसतो. मात्र काम करणाऱ्या भागीदारांचा मेहनताना ठरावीक मर्यादेत आधी वजा होतो आणि तो त्या-त्या भागीदाराच्या उत्पन्नात धरला जातो. मेहनताना करारात लिहिलेला असेल तरच ही वजावट मिळते. १ एप्रिल २०२५ पासून एका भागीदाराला वर्षात २०,००० रुपयांपेक्षा जास्त मेहनताना दिला तर त्यावर १० टक्के टीडीएस कापण्याचे कामही फर्मवर आले आहे. शिवाय नवऱ्याने बायकोला मोबदल्याविना पैसे देऊन ते तिचे भांडवल म्हणून दाखवले तर त्या पैशावरचे उत्पन्न नवऱ्याचेच धरले जाऊ शकते. म्हणून पत्नीचे भांडवल तिच्या स्वतःच्या पैशातून असावे आणि त्याची नोंद असावी. या बाबी हिशेबतपासनिसाला दाखवून ठरवाव्यात. थोडा खर्च आहे, पण तो वीस वर्षांच्या मेहनतीचा विमा समजावा.

चौथा आक्षेप असा की, भाऊ-बहिणींचा हक्क बुडवण्यासाठी ही युक्ती आहे. तसा उद्देश असेल तर आमचा त्याला विरोधच आहे. जी बाई धंद्यात कधी नव्हती, जिने पैसा घातला नाही की काम केले नाही, तिला मरणाच्या दारात भागीदार दाखवणे म्हणजे वारसांची फसवणूक. आम्ही बोलतो आहोत ते खऱ्या कामाबद्दल आणि खऱ्या भांडवलाबद्दल.

नुसते नाव नको

याच्या उलट असाही एक रोग आपल्याकडे आहे. बायकांसाठी सवलतीचे कर्ज असते म्हणून, किंवा नवऱ्याचे जुने खाते थकले आहे म्हणून, धंदा बायकोच्या नावावर काढतात. ती कोऱ्या चेकवर सह्या करते, कागद न वाचता अंगठा किंवा सही देते, आणि किती कर्ज झाले हे तिला वसुलीवाले दारात आल्यावर समजते.

भागीदारीत प्रत्येक भागीदार फर्मच्या साऱ्या देण्याला जबाबदार असतो. आपला वाटा निम्मा म्हणून कर्जही निम्मेच, असे घेणेकरी मानत नाही. तो कोणाही एकाकडून पूर्ण वसुली करू शकतो. जामीन राहणाऱ्याचेही तसेच. मूळ कर्जदाराइतकीच जबाबदारी जामीनदारावर येते. बायकोचे दागिने, माहेरचा जमिनीचा तुकडा, तिची ठेव हे सारे त्यात ओढले जाऊ शकते.

म्हणून नावाबरोबर माहिती हवी. भागीदार बाईने महिन्यातून एकदा रोजमेळ आणि खतावणी पाहावी. बँकेत किती शिल्लक आहे, व्यापाऱ्याचे देणे किती आहे, उधारी किती बाहेर आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे तिला केव्हाही देता आली पाहिजेत. तसे होत नसेल तर तिला भागीदार करू नये. अंधारात ठेवून भागीदार करणे हे भागीदार न करण्यापेक्षा वाईट.

दोन्ही हात एकाच धंद्यात

पती-पत्नीच्या धंद्याचा आणखी एक धोका पेणकरांनी जवळून पाहिला आहे. दोघांचे पोट एकाच धंद्यावर असेल तर तो बसला की घर बसते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० साली प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींना मनाई करणाऱ्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्याच वर्षी कोरोनाची टाळेबंदी आली. पुढची काही वर्षे कारखानदारांना माल काढावा की नाही हेच समजेना. २०२५ च्या जूनमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा मूर्ती बनवण्यास मोकळीक दिली, मात्र परवानगीविना नैसर्गिक जलाशयात विसर्जन करता येणार नाही असेही बजावले. मधल्या काळात ज्या घरात नवरा-बायको दोघेही फक्त कारखान्यावर अवलंबून होते त्यांची ओढाताण किती झाली असेल याची कल्पना करता येते. वर्षातून एकदाच विक्री होणाऱ्या धंद्यात दुसरा हंगामी जोडधंदा, मग तो पापडाचा असो की शिवणकामाचा, घराला तारतो.

दुसरा धडा बचतीचा. २०१० मध्ये पेण अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि हजारो ठेवीदारांचे पैसे अडकले. त्यांत छोटे दुकानदार, निवृत्त नोकरदार, मुलीच्या लग्नासाठी पै-पै जमवणारे होते. त्या वेळी ठेवींवर विम्याचे संरक्षण १ लाखापर्यंतच होते. फेब्रुवारी २०२० पासून ते ५ लाख झाले. ही मर्यादा एका बँकेत एका नात्याने ठेवलेल्या साऱ्या ठेवींना मिळून असते. नवऱ्याच्या एकट्याच्या नावावरची ठेव, बायकोच्या एकटीच्या नावावरची ठेव आणि दोघांच्या संयुक्त नावावरची ठेव वेगवेगळी धरली जाते. धंद्याची सारी शिल्लक एका नावावर, एका बँकेत ठेवणारे दांपत्य हे संरक्षणही गमावते. नावे वेगळी ठेवण्याचा असाही फायदा आहे.

करारात काय असावे

करार लांबलचक असण्याची गरज नाही. परंतु पुढील गोष्टी त्यात स्पष्ट असाव्यात.

भांडवल कुणाचे किती आणि ते कोठून आले. पत्नीचे मेहेर किंवा दागिने धंद्यात आले असतील तर त्यांची किंमत लिहावी. मेहेर अजून दिलेच नसेल तर ते आधी द्यावे, मग तिने वाटल्यास धंद्यात घालावे.

नफा-तोट्याचे प्रमाण. करारात काही लिहिले नसेल तर कायदा भागीदारांचे वाटे समान धरतो, आणि वेगळा मेहनताना मिळत नाही. म्हणून दोन्ही बाबी लिहाव्यात.

काम कुणाचे कोणते. खरेदी, विक्री, वसुली, हिशेब यांची वाटणी असली की गिऱ्हाइकासमोर वाद होत नाहीत. एका खात्यात दोघांनी आळीपाळीने हुकूम सोडले की नोकरही गोंधळतो आणि संसारातही कटुता येते.

घरखर्च. गल्ल्यातून हवे तेव्हा हवे तेवढे काढण्याची सवय लहान धंद्याला पोखरते. दोघांनी महिन्याची ठरावीक रक्कम उचलावी आणि घर त्यात चालवावे. त्याशिवाय धंदा नफ्यात आहे की तोट्यात हे कळतच नाही.

बँकेच्या सह्या. ठरावीक रकमेवरच्या चेकला आणि कोणत्याही कर्जाला दोघांच्या सह्या लागतील अशी अट असावी.

मृत्यू आणि विभक्त होणे. दोघांचीच फर्म असेल तर एकाच्या मृत्यूने ती संपते. तेव्हा मागे राहिलेल्याला धंदा पुढे चालवता येईल, मयताच्या वाट्याची किंमत कशी ठरवायची, आणि ती रक्कम वारसांना किती हप्त्यांत द्यायची, हे लिहावे. म्हणजे वारसांना त्यांचे पैसे मिळतात आणि दुकानाचे शटर खाली येत नाही. लग्न मोडले तर कोण धंदा ठेवणार आणि दुसऱ्याचा वाटा कसा देणार, हेही त्याच कागदावर असावे. हे लिहिताना जड वाटते, परंतु भांडणाच्या दिवसांत ते लिहून होत नाही.

करार झाला की फर्मची नोंदणी करावी. नोंदणी सक्तीची नाही. परंतु नोंदणी नसलेल्या फर्मला उधारी बुडवणाऱ्या व्यापाऱ्यावर कराराच्या आधारे दावा लावता येत नाही, आणि भागीदारालाही आपल्या हक्कासाठी फर्मवर दावा लावताना अडचण येते. नंतर गुमास्ता, उद्यम नोंदणी, जीएसटी आणि बँकेचे खाते फर्मच्या नावे करून घ्यावे. जागा भाड्याची असेल तर भाडेपावतीचेही पाहावे. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात, भाडेकरूच्या मृत्यूवेळी त्याच्याबरोबर त्या जागेत धंदा करणाऱ्या कुटुंबीयाला भाडेकरू मानण्याची तरतूद आहे. पण बरोबर धंदा करत होतो हे दाखवायला पुन्हा कागदच लागतो. मात्र पावतीवर एकट्याचे नाव असताना जागेत फर्म आणायची, तर घरमालकाची लेखी संमती आधी घ्यावी, म्हणजे पोटभाडेकरू ठेवल्याचा वाद निघणार नाही.

समाजाने काय करावे

हे काम एकेकट्या दुकानदाराने करणे कठीण जाते. वकिलाकडे जायला तो बिचकतो, आणि बायकोला घेऊन जायला अधिकच. पेण, रोहा, पनवेल, महाड येथील जमातींनी आणि व्यापारी मंडळींनी यात पुढाकार घ्यावा. भागीदारीचा एक साधा मराठी नमुना तयार करावा, वर्षातून दोन वेळा एखाद्या हिशेबतपासनिसाला आणि वकिलाला बसवून दांपत्यांना सल्ला द्यावा, आणि त्या बैठकीला बायकांना आवर्जून बोलवावे. निकाहच्या वेळी मेहेर ठरवताना आकड्यावर तासभर घासाघीस होते. त्या मेहेरचे पुढे काय झाले हेही कधी विचारले जावे.

आपल्या मुली आज शिकत आहेत. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन सासरच्या दुकानात आलेली मुलगी हिशेब सासऱ्यापेक्षा चांगला ठेवते. तिला फुकटची मदतनीस म्हणून वापरायचे की धंद्यातील माणूस म्हणून वागवायचे, हे घराने ठरवायचे आहे. दुसरा मार्ग घेणाऱ्या घराचा धंदा वाढेल, कारण ज्याचा वाटा असतो तो मन लावून काम करतो. नोकराच्या बाबतीत हे आपण मान्य करतो. बायकोच्या बाबतीतही करावे.

ज्या वाचकांचे दुकान पती-पत्नी मिळून चालते त्यांना आमची एवढीच विनंती आहे. येत्या हिशेबाच्या दिवशी दुकानाचे सारे कागद एकदा काढून पाहावेत आणि त्यांवर कुणाकुणाचे नाव आहे ते मोजावे. काम दोघांचे आणि नाव एकाचेच असेल, तर ते दुरुस्त करायला दोघांपैकी कोणाला काही होण्याची वाट पाहू नये.